कोयत्याचे तीन घाव

मित्रांनो, दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटांमागे गंजत पडलेल्या मला बघून घाबरू नका. मी एक जुनी रक्त धुणारी मशीन आहे. डॉक्टर मला डायलिसिसची मशीन म्हणत. माझ्या पत्र्यावर कोयत्याचे तीन घाव आहेत. ते कसे बसले, तेच आज सांगते. गोष्ट गोड नाही आणि मी ती गोड करून सांगणारही नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. १९८२ साली लाकडी पेटीतून मी कोल्हापूरला आले. लोकांनी मला हार घातला, कुंकू लावले, माझ्या पायाशी नारळ फोडला. त्याचे पाणी माझ्या चाकांवर उडाले आणि मला फार बरे वाटले. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते मला काय ठाऊक!

ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यांचे रक्त नळीतून माझ्याकडे येई. त्यातली घाण काढून मी ते परत पाठवी. मला चालवणारे गणपतराव हलक्या हाताचे, कामाला वाघ. पण आमच्या दवाखान्याचा एक नियम होता. पेशंटशी आणि त्याच्या माणसांशी डॉक्टरसाहेबांनीच बोलायचे, बाकीच्यांनी तोंड उघडायचे नाही. आणि डॉक्टरसाहेबांना बोलायला वेळ नसे. नियम करणाऱ्याला हे कधी सुचले नाही, याचा मला अजून राग येतो.

जयसिंगपूरचे शंकरप्पा हे माझे पेशंट. कापडाचे दुकान, घरात बायको नीलम्मा आणि धाकटा भाऊ शिवपुत्र. आईबाप लवकर गेले, म्हणून शंकरप्पांनीच त्याला वाढवलेले. शिवपुत्र आपली एक किडनी भावाला देणार होता. मुंबईत तपासण्या होऊन ती जुळली होती. ऑपरेशन जूनमध्ये ठरले. तोवर तीन महिने शंकरप्पांना जगवायचे, एवढेच माझे काम होते.

पहिल्या दिवशी डॉक्टरसाहेब चालता चालता म्हणाले, "पाणी कमी द्या. दिवसाला दोन ग्लास, बस्स." का, कशासाठी, दुसरे काय टाळायचे, काही नाही. शिवपुत्रने ते ब्रह्मवाक्य मानले. घरातला तांब्यासुद्धा उचलून माळ्यावर ठेवला. पण एप्रिलचे ऊन, भावाच्या ओठांना भेगा पडलेल्या. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेतातच की. पाण्याला मनाई आहे, शहाळ्याला थोडीच? ते तर औषधच!

तो पिशवीत शहाळी आणि कोयता घेऊनच एस.टी.तून उतरायचा. "अण्णा, पी की. ताकद येतीया," म्हणायचा. शंकरप्पा हसत प्यायचे.

मित्रांनो, शहाळ्याच्या पाण्यात एक क्षार असतो. धडधाकट किडनी तो बाहेर टाकते. निकामी किडनीच्या माणसात तो साठत जातो आणि एके क्षणी हृदय बंद पाडतो. गणपतरावांनी खाटेखाली रिकामी शहाळी पाहिली होती. त्यांचे ओठ हलले. मग त्यांना नियम आठवला आणि ते नळ्या धुवायला वळले.

एका सोमवारी शंकरप्पा आले ते भिंत धरत. रविवारी चार शहाळी झाली होती. मला जोडून दहा मिनिटे झाली नसतील, त्यांचे अंग ताठ झाले, डोळे फिरले. डॉक्टरसाहेब धावत आले, छातीवर दाब देत राहिले. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. शंकरप्पा गेले, तेव्हा त्यांचे रक्त अजून माझ्या नळ्यांत होते.

दार तासभर बंदच राहिले. बाहेर शिवपुत्र, नीलम्मा आणि सोबत आलेली गावची दहा-बारा माणसे उभी. कोणी बाहेर जाऊन एक शब्द बोलले नाही. शेवटी एका वॉर्डबॉयने दार किलकिले करून विचारले, "बॉडी कवा नेणार?"

बस्स. दार बिजागरीसकट आत आले. काचा फुटल्या, औषधांचे कपाट आडवे झाले. डॉक्टरसाहेबांच्या तोंडावर खुर्ची बसली, दात फरशीवर पडले. शिवपुत्रची नजर माझ्यातल्या लाल नळ्यांवर गेली.

"ह्या मशीननं माझ्या अण्णाचं रगत पिलंय!"

पिशवीतला कोयता बाहेर आला. एक घाव, दुसरा, तिसरा. नळ्या तुटल्या आणि भावाचे रक्त त्याच्याच तोंडावर उडाले. गणपतराव मला वाचवायला मध्ये पडले. चौथा घाव त्यांच्या हातावर बसला. दोन बोटे माझ्या चाकाशी पडली.

तेवढ्यात आया तानाबाई ओरडली, "आरं थांब की मुडद्या! मशीननं न्हाय, शहाळ्यानं गेला तुजा भाऊ! ह्या रोगात शहाळं म्हंजी इख!"

शिवपुत्रचा हात वरच राहिला. "मी... पाजलं त्याला? मी तर किडनी देणार हुतो." मग त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "आन् तुमास्नी ठावं हुतं? मग आदी का न्हाय सांगितलंसा?"

रक्ताळलेला हात आवळून धरलेल्या गणपतरावांनी मान खाली घातली.

शिवपुत्रला शिक्षा झाली. मी इथे अडगळीत आले. शेजारच्या खोलीत नवी मशीन बसली आणि दवाखान्याने तिच्या दारावर 'पेशंटला शहाळे देऊ नये' अशी छापील पाटी लावली. ती कोणी वाचत नाही.

मित्रांनो, यंत्रे जरूर जपा. पण तुम्हाला काही माहीत असेल आणि समोरच्याचा जीव त्यावर असेल, तर नियमाची वाट बघू नका. मला तोंड नव्हते. त्यांना होते.

तुरुंगातून सुटल्यापासून शिवपुत्र दर सोमवारी त्या दाराशी येऊन बसतो. एका हाताला तीनच बोटे उरलेले गणपतराव त्याला स्टूल देतात. कोणाच्या पिशवीत हिरवे काही दिसले, की शिवपुत्रचा आवाज भिंतीतून मला ऐकू येतो.

"पावणं, शहाळं आणलंयसा व्हय? बसा. म्या माझ्या अण्णाला पाजलंय. आदी माझं ऐका."