बिनकांद्याचा सॉस

"लसूण टाकल्याबिगर याले चव येते का व?" सोजरबाई चुलीवरच्या गंजात डोकावून म्हणाली.

"मावशी, दुकान शिरपूरचं हाये, जैन मंदिराच्या वाटेवर. कांदा नाई, लसूण नाई," अंजना म्हणाली. "आन थो चाखलेला चमचा परत बुडवू नका."

"घ्या! माह्याच आंगनात मलेच हाकलून राह्यली!"

बाया हसल्या.

मेडशीकडच्या त्या गावात यंदा टमाट्याच्या तोडणीची मजुरीही निघत नव्हती. बचत गटानं वाशीमला सॉस शिकायला एक बाई पाठवायचं ठरवलं, तेव्हा तुरीची सोंगणी सोडून कोणी जाईना. अंजना गेली, तीन दिवसांत शिकून आली.

सकाळपासून तीच चुलीशी होती. उकडलेले टमाटे चाळणीतून गाळले, मसाल्याची पुरचुंडी रसात सोडली आणि मंद जाळावर तो तळापासून ढवळत राहिली. मधूनमधून बशीत थेंब टाकून बशी तिरपी करायची. थेंबाभोवती पाणी सुटलं की म्हणायची, "अजून नाई." पाणी सुटायचं थांबलं तसं व्हिनेगर घालून गंज उतरवला. उकळून काढलेल्या बाटल्या गरमागरम भरून बुचं लावली. साठ बाटल्या. बाटलीच्या चिठ्ठीवर करणारीचं नाव टाकायचं, असं दुकानदारानंच सुचवलं होतं. ते अंजनाचं, हे गटात ठरलं होतं. तिनं माहेरी फोन करून सांगितलंही होतं.

दुपारी दुकानदार गाडी घेऊन आला. बोटावर सॉस घेऊन चाखला. परत घेतला.

"वा! कोनाच्या हातचा?"

"माह्या सुनेच्या," सोजरबाई म्हणाली. सुनेनं, पिंकीनं, पदर सावरला.

"किती दिवस टिकीन, ताई?"

पिंकीनं अंजनाकडे पाहिलं.

"बंद बाटली सा महिने," अंजना म्हणाली. "उघडली का मंग फ्रिजात ठेवा लागते."

"म्हंजे केला तुमी!" दुकानदार हसला. "लपवता काहून? चिठ्ठीवर तुमचंच नाव टाकू. सांगा."

"अंजना."

"पुरं सांगा. आडनाव?"

सोजरबाई तिच्याकडे एकटक पाहत होती.

"तायडे."

"कोन्ते तायडे?"

"बुद्धविहाराजोळचे."

दुकानदारानं रुमाल काढला, बोट पुसलं. "बरं. फोन करतो," म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

"आमचं आडनाव सांगतलं असतं तं तुई जीभ झडली असती काय?" सोजरबाई कडाडली. "आमी तं काई मानत नाई. पन गिऱ्हाईक मानते नं!"

"मंग मानत नाई, असं त्याले काहून नाई सांगतलं? सकाळपासून तुमीच चाखून राह्यल्या."

"माहं तोंड उघडाले लावू नको."

दुसऱ्या दिवशी त्याचा सोजरबाईला फोन आला. माल नवा पाहिजे, सुनेच्या हातचा आणि तिच्याच नावाचा. सोजरबाईनं जुन्या साठही बाटल्या बैलगाडीत घालून भरदिवसा अंजनाच्या दारात उतरवल्या.

चौथ्या दिवशी अंजनाचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल होता. पिंकीचा चेहरा घामानं निथळत होता.

"अंजनाताई, दोनशे बाटल्यांचा माल टाकला व. साऱ्या गटाचे टमाटे हायेत. कवा उतरवा, समजूनच नाई राह्यलं."

"येऊ का मंग?"

"नाई नाई! थो दुकानवाला कवाही येईन. तू घरूनच पाह्य."

मागून सोजरबाई ओरडली, "तिले म्हन, लवकर सांग!"

"गंज दाखव," अंजना म्हणाली.

पडदा हलला, स्थिरावला. लाल बुडबुडे फुटत होते आणि त्यांच्यासोबत बारीक काळे कण वर येत होते. पिंकीचा ढवळायचा सराटा नुसता वरवर फिरत होता.

"वास कसा येऊन राह्यला?"

"जरासा करपल्यावानी."

अंजनानं मोबाईल भिंतीला टेकवला आणि समोर मांडी घालून बसली.

"तसाच येते थो," ती म्हणाली. "आता ढवळू नको. जाळ वाढव. अजून पंधरा मिनिटं."