खांद्यावरचा तागा

शिंपीणकाकूंच्या गळ्यातलं पदक त्यांच्या आईचं. मळून काळवंडलेल्या त्या पदकावर खांद्याला कापडाचा तागा लावलेला, हातात मापाचा गज धरलेला एक ख्रिस्ती संत दिसायचा. तो शिंप्यांचाच, याबद्दल काकूंना तिळमात्र शंका नव्हती. महागाचं कापड बेतायला घेतलं की त्या आधी पदकाला बोट लावायच्या, मगच कापडाला कात्री.

कडी तुटली म्हणून त्यांनी पदक सोनाराकडे दिलं. त्या शहाण्याने न विचारता ते घासून लख्ख केलं.

"काकू, हा तर प्रवाशांचा संत," भिंग पुढे करत तो म्हणाला. "वाटसरूंना नदीपार नेणारा. खांद्यावर बाळ आहे, हातात काठी आणि पायाखाली नदी."

काकूंनी भिंगातून पाहिलं. बाळ होतं खरं. आणि काकू तर उभ्या जन्मात बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या.

"शिंप्यांचा संत वेगळा असतो. बदलून देऊ का?"

"गप बस," पदक गळ्यात अडकवत काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्याबरोबर मशीनवर बसलाय तो. नदी विसरला असेल एखादे वेळी, पण शिवण आता पक्की येते त्याला."