देवीच्या कपाळावरची खाच

झोसिमसने देवीच्या कपाळावर छिन्नी टेकवली आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता डाव्या हाताने हातोडी हाणली. तिथे क्रूस कोरायचा, एवढंच काम होतं. "तूच कर, आता तू आपला माणूस," असं पाद्री पारामोनोस म्हणाला होता आणि नाही म्हणायला झोसिमसची जीभ रेटली नव्हती. पिकापाण्याची देवी दिमितर झऱ्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. पोर जगू दे म्हणून त्याच्या आईने हिलाच नवस केला होता. पोर जगलं, ते हे असं.

तो दगडाचा चुरा फुंकत होता, तोच पायवाटेवर काठी वाजली. आज नव्या सातूचा दिवस, हे तो पार विसरला होता. या दिवशी त्याची आई निकारेती दरसाल देवीच्या कपाळाला तेल लावायला यायची. डोळे गेले, तरी तिने नेम मोडला नव्हता.

"कोण आहे?"

"मी, आई. झऱ्याची पन्हाळ बसवतोय."

"बरं करतोस. तुझा बाप गेल्यापासून गळतेय मेली."

तिने बोटं तेलात बुडवली, हात वर नेला आणि ती थबकली. बोटं आडव्या खाचेतून फिरली, मग उभ्या. धरणीने पोटात घ्यावं, असं झोसिमसला झालं.

"हे कुणी केलं?"

"शहरातून कारागीर आला होता म्हणे. काल."

"अस्सं." तिने खाच पुन्हा चाचपली. "डावखुरा दिसतोय. तुझ्या बापाचीही खाच अशीच कलायची."

त्याचे कान तापले. त्याने हातोडी हळूच खाली ठेवली.

"खोल आहे ना रे? पुसट झाली तर पाद्र्याची माणसं येऊन फोडतील हिला, खालच्या गावातली फोडली तशी. क्रूस असला की हात लावत नाहीत."

"खोल आहे."

तिने खाचेत तेल काठोकाठ भरलं.

"वाक जरा."

तो वाकला. बोटांवर उरलेलं तेल तिने त्याच्या कपाळाला लावलं. ईस्टरला पाद्र्याने बाप्तिस्म्याचं तेल लावलं होतं, नेमकं तिथेच. झोसिमसला मान वर करवेना.

काठी चाचपत ती वळली.

"आणि ती पन्हाळ तेवढी बसव आता. अजून गळतेय, ऐकू येतंय मला."