काटा चढेपर्यंत

“मॅडम, क्लचवर पाय ठेवून चालवता ना? लेडीज लोकांची सवयच असते ती.” देवेश मेकॅनिकने बॉनेट धाडकन खाली आपटलं.

रश्मीच्या मस्तकात तिडीक गेली. “सहा वर्षं चालवतेय ही गाडी. मागच्या महिन्यापर्यंत सोळाचं ॲव्हरेज देत होती. महिन्याभरात माझा पाय जड झाला? मग क्लचप्लेट उघड आणि जळलेली दाखव मला.”

एअर फिल्टर बदलून झाला होता, प्लग बदलून झाले होते, चाकांतली हवा दोनदा तपासून झाली होती. गाडी जॅकवर चढवून तिने एकेक चाक स्वतःच्या हाताने फिरवलं होतं. कुठे ब्रेक घासत नव्हता. टाकीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरला, तर त्यावर थेंबाचा डाग नाही. तरी गाडी लिटरला अकराच्या वर जायला तयार नव्हती.

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या चार म्हाताऱ्यांना ती याच गाडीतून डायलिसिसला ने-आण करायची. बाकी कुणाच्या गाडीत ती माणसं बसायची नाहीत. रश्मीच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही, म्हणायची.

घरी नवऱ्याने, मिथुनने, ताटावरून मान न उचलता निकाल दिला. “विकून टाकू. रविवारी माणूस येतोय बघायला.”

“मला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? पेट्रोल पितेय नुसती. तुला नीट चालवता येत नाही, त्याला मी काय करू?”

पलीकडे तिचे सासरे, भाऊराव, चार वर्षांच्या दिशाला भात भरवत होते. बत्तीस वर्षं शहरातली बस चालवलेला माणूस. “पोरीच्या पायात खोट नाही,” ते शांतपणे म्हणाले. “मी शिकवलंय तिला. तुलाही शिकवत होतो. तू दोन दिवसांत पळालास.”

मिथुनचे कान लाल झाले. रश्मीला तेवढ्या रागातही हसू फुटलं. लग्नानंतर त्यांनीच तिला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवलं होतं. एकच धडा शंभरदा सांगायचे: ब्रेक असा लाव की मागे उभ्या म्हातारीला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती दिशाला घेऊन खाली उतरली. दिशाने सवयीने बॉनेटवर गाल टेकवला आणि झटकन मागे घेतला.

“आई, गाडीला ताप आलाय!”

रश्मीने हात लावला. पत्रा चांगलाच तापला होता. तिने आत वाकून किलोमीटर पाहिले. रात्री गाडी लावली तेव्हा होते तेवढेच. गाडी जागची हललेली नव्हती आणि इंजिन तापलेलं होतं. म्हणजे कुणीतरी उभ्या गाडीत तिचं पेट्रोल जाळत होतं. आणि ती महिनाभर फिल्टर बदलत, नवऱ्याचे टोमणे खात बसली होती! कॉलर धरून बाहेर ओढीन, तिने ठरवलं, मग तो कुणी का असेना.

तिसऱ्या दिवशी पाचलाच ती जिना उतरली, पायात चपला न घालता. कंपाउंडच्या भिंतीकडेला गाडी सुरू होती. वॉचमन खुर्चीतून उठला. “काय झालं, ताई? महिना झाला, रोज साडेचारला येऊन बसतात. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय.”

तिने ऐकलंच नाही. पुढे होऊन दार हिसक्याने उघडलं.

आत भाऊराव होते. खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या काट्यांवर.

“बाबा! काय करताय हे?”

“थांब जरा,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “हवेचा काटा चढत नाहीये अजून. टाकीत हवा भरल्याशिवाय गाडी डेपोतून काढायची नसते. ब्रेक लागणार नाहीत. पन्नास माणसं असतात मागे.”

बसचे ब्रेक हवेवर चालतात, हे त्यांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. या गाडीत तो काटाच नव्हता. महिनाभर ते पेट्रोलच्या काट्याकडे बघत बसले होते. तो चढायची वाट बघत.

तोंडात आलेली शिवी तिने गिळली. मग ती म्हणाली, “बाबा, मी बदली आलेय. तुमची ड्युटी झाली. गाडी द्या माझ्या ताब्यात.”

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग इंजिन बंद केलं, उतरले आणि चावी तिच्या हातावर ठेवली. “डावा आरसा सैल आहे. सांभाळून ने.”

वर आल्यावर तिने मिथुनच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. “ऊठ. रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. गाडीत काही बिघाड नाही. बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय.”

“का? काय झालं त्यांना?”

“रोज त्यांच्यासमोर बसून चहा पितोस ना रे? मग मला काय विचारतोस!” ती ओरडली, आणि ओरडता ओरडता थांबली. चहा तर तीही त्यांच्यासमोर बसूनच पीत होती. गाडीची बारीकशी कुरकुर तिच्या कानातून सुटत नसे.

आठवड्याने गाडी सोळावर आली. “बघा, मी बोललो नव्हतो? फिल्टरचाच प्रॉब्लेम होता,” देवेश म्हणाला. एरवी तिने त्याला तिथल्या तिथे सोलला असता.

चावी आता तिच्या उशीखाली असते. पहाटे साडेचारला दाराशी भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज येतो. चावी टांगायचा खिळा चाचपतात. एकदा, पुन्हा एकदा. मग मोरीतला नळ सुटतो, फडकं पिळल्याचा आवाज येतो, आणि शर्टाचं वरचं बटण लावून भाऊराव खाली जातात, बंद गाडीची काच बाहेरून पुसायला.