चांगल्या मुली बऱ्या होत नाहीत

गोष्टीतली मुलं मारून मारून मला वीट आला होता. ‘रविवारचा दिवा’ या मुलांच्या साप्ताहिकात मी वर्षानुवर्षं हेच करत आलेय. चांगली मुलं अंथरुणावर मरतात, सगळ्यांना क्षमा करून, स्तोत्र म्हणत. वाईट मुलं रविवारी चर्च चुकवून गोठलेल्या तळ्यावर घसरायला जातात आणि बुडतात. मधल्या पानांत जहाजं फुटतात, सिंह येतात. तेही मीच लिहिते, एका कॅप्टनच्या नावाने. समुद्र मी एकदाच पाहिलाय, तोही ब्रायटनला, वाऱ्यात टोपी सांभाळत.

शिवाय आमच्याकडे चित्र आधी, गोष्ट मागून. चित्राचा लाकडी ठसा कोरायला वेळ लागतो, आणि मी काय, सांगाल तेव्हा लिहून देते. नाताळच्या अंकाचा ठसा आला. पलंगावर डोळे मिटलेली मुलगी, चादरीत डोकं खुपसून बसलेली आई, खिडकीपाशी पांढऱ्या कपड्यांतलं, पंख असलेलं कुणीतरी. म्हणजे माझ्या चालू गोष्टीतली पेशन्स नावाची मुलगी गेली. सप्टेंबरपासून खोकतच होती बिचारी.

त्याच दिवशी माझी बहीण मर्सी हिचा निरोप आला, म्हणून क्लार्कनवेलला तिच्या घरी गेले. तिची मुलगी केझाया न्यूमोनियातून उठत होती. ताप उतरला, धोका टळला, असं डॉक्टर सांगून गेले होते. पण पोरगी अन्नाला शिवत नव्हती.

“हेस्टर, किती गुणी झालीय गं ती!” मर्सी दारातच म्हणाली. “बाहुली शेजारच्या पॉलीला देऊन टाकली. काल मला म्हणते, आई, तू मला मारलंस त्याबद्दल मी तुला क्षमा केली.”

मर्सीच्या डोळ्यांत कौतुकाचं पाणी होतं. मी मात्र बोटांवर मोजू लागले. आधी खेळणी वाटायची, मग क्षमा, मग स्तोत्र. हा क्रम माझ्या गोष्टींचा होता, आणि केझाया त्या दर रविवारी वाचायची.

मी पलंगाशी जाऊन बसले. “काय गं, हे काय थेर चाललेत?”

“मी तयारी करतेय मावशी,” केझाया समजूतदारपणे म्हणाली. तो समजूतदारपणा मला मुळीच आवडला नाही. “आजारी मुलगी चांगली असली की नाताळला देवाघरी जाते.”

“मग वाईट हो. दोन शिव्या दे मला.”

“वाईट मुली तर बुडतात.” तिने जरा विचार केला. “मग बरं कोण होतं गं?”

मला एकही नाव आठवेना. गोष्टींत एवढ्या पोरी जन्माला घातल्या, पण एकीलाही मी साधा पेजेचा घोट घेऊन उठून बसू दिलं नव्हतं. लाज वाटली मला, आणि भीती त्याहून जास्त.

“पेशन्स होणार आहे बरी,” मी ठोकून दिलं.

“खरंच?” तिचे डोळे मोठे झाले. “छापलेलं दाखव.”

तिला माझा शब्द पुरेना, छापलेला हवा होता. घरी जाऊन मी ठशाकडे डोळे ताणून पाहिलं आणि लिहायला बसले. मुलीचा ताप उतरलाय, तिला गाढ झोप लागलीय. आई जागरणाने दमून तिथेच डुलकी घेतेय. खिडकीपाशी धुणं वाळत घालणारी शेजारीण आहे आणि पंख नव्हेतच ते, खांद्यावरची चादर आहे. मग पेशन्स उठते आणि भूक लागली म्हणून आरडाओरडा करते.

छापखान्यातून तपासायचे कच्चे कागद निघाले तेव्हा संपादक रेव्हरंड क्रॅडॉक माझ्यासमोरच वाचत होते. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, नुसते ठाम आहेत.

“बाई, ही का ओरडते?”

“भूक लागलीय तिला.”

“पण यातून मुलांनी शिकायचं काय?”

“जेवायला.”

“थट्टा नको. अहो, हजारो घरांत आया हा अंक वाचून दाखवतात. मुलगी मरते म्हणून तर मुलं शहाण्यासारखी वागतात!”

“एक तरी जगू द्या हो. माझी भाची अंथरुणाला खिळलीय, तिला—”

“तिच्यासाठी मी प्रार्थना करेन,” ते मनापासून म्हणाले आणि शेवटच्या रकान्यावर काट मारली. खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. पेशन्स गेली.

भांडायला अंगात त्राण नव्हतं. पण कच्चे कागद दोन निघतात. दुसरा, काट न मारलेला, मी शालीखाली घालून थेट क्लार्कनवेल गाठलं.

केझायाने तो तीनदा वाचला. चित्रावर बोट ठेवून विचारलं, “हा देवदूत नाही?”

“छे गं! शेजारीण आहे.”

“पण पेशन्स तर इतकी चांगली होती.”

“होती. तरी बरी झाली. छापलंय ना?”

तिने कागद उशाखाली सरकवला. मग म्हणाली, “आईला सांग, मला पाव हवाय. चरबी लावून, मीठ जास्त.” मर्सी रडतच स्वयंपाकघराकडे धावली. माझा जीव भांड्यात पडला.

पोरगी अधाशासारखी खात होती. अचानक तोंडातला घास तसाच ठेवून तिने विचारलं, “मावशी, दुसऱ्या घरांत आजारी मुली असतील ना? त्यांनाही हेच छापलेलं मिळेल?”

तिकडे क्रॅडॉकांच्या त्या दोन ओळींसकट छपाई सुरू झालेली असणार.

“हो,” मी म्हणाले.

तिने आणखी पाव मागितला. मी कापून दिला.