तोललेली लेकरं

पोखर्णीच्या अलीकडं, नाल्याच्या काठाला, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांची तीसेक घरांची वाडी होती. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात तिथं दुधाचं केंद्र निघालं आणि ते चालवायला परभणीहून चतुराबाई आली, तेव्हा तिला बघायला सगळी वाडी लिंबाखाली जमली. सव्वीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, पांढरं पातळ नेसणारी बाई. दुष्काळात लेकरांना काय भरवायचं, किती भरवायचं, याचं सहा महिन्यांचं शिक्षण हैदराबादेत घेऊन आलेली.

"लेकरू खाऊ घालाय बी शिकावं लागतंय व्हय?" धुरपताबाई म्हणाली आणि बाया पदराआड हसल्या.

दूध भुकटीचं होतं. पुठ्ठ्याच्या मोठ्या पिंपांतून आलेलं. चतुराबाई ते उकळलेल्या पाण्यात रवीनं घुसळायची, गाठी मोडायची आणि वाटीवाटीनं द्यायची. ते घरी न्यायचं नाही, लेकरानं तिथंच तिच्यासमोर प्यायचं, हा तिचा नियम.

"कोन्या जनावराचं म्हनायचं हे?" म्हाताऱ्या रायभाननं पिंपाला फेरी मारून विचारलं. "ह्याला कास कुठं दिसंना."

"आबा, पिंप व्यालंय आमचं," चतुराबाई म्हणाली. त्या दिवसापासून ती वाडीची झाली.

तिच्या मदतीला वाडीची सुईण होती, मनकर्णाबाई. साठीची, कोरडी, हाताला पक्की. वाडीतलं प्रत्येक लेकरू तिच्याच हातात पडलेलं. चतुराबाई तिला मावशी म्हणायची, तिच्याच छपरात राहायची, तिच्याच चुलीवर भाकरी थापायची. संध्याकाळी मनकर्णाबाई तिच्या पायांना तेल चोळायची आणि म्हणायची, "माजी लेक अस्ती तर तुज्याच वयाची अस्ती."

सगळ्यांत दुबळं लेकरू अंबाबाईचं. येडबा, दोन वर्षांचा. आधीची दोन गेली म्हणून नजर लागू नये असं नाव ठेवलेलं. अजून उभा राहत नव्हता. अंबाबाईचा नवरा उमाजी कळप घेऊन गंगाकाठाला निघाला होता. गोदावरीच्या कडेनं थोडा पाला तरी मिळेल, या आशेवर. अंबाबाईही लेकराला घेऊन निघायच्या बेतात होती, कारण कळपातली एक शेळी दुभती होती आणि येडबा तिच्याच दुधावर कसाबसा तगला होता.

चतुराबाईनं तिला अडवलं. "एवढ्या उन्हात ह्याला घेऊन चाललीस तर वाटंतच जाईल गं. राहा इथं. नवा जोंधळा घरात येईपर्यंत दूध मिळंल. माझा शब्द."

हा शब्द तिनं स्वतःच्या मनानं दिला नव्हता. केंद्र उघडायला आलेले दिनकरराव, परभणीहून मदतकामावर देखरेख करणारे साहेब, सगळ्यांसमोर बोलले होते, "नवं पीक हाती येईपर्यंत केंद्र हलणार नाही." अंबाबाई राहिली. शेळी कळपाबरोबर गेली.

काम सुरू करण्याआधी लेकरं तोलायची असा हुकूम होता. लिंबाच्या फांदीला काटा टांगला, त्याच्या आकड्याला धोतराची झोळी बांधली आणि अठ्ठावीस लेकरं एकेक करून त्यात घातली. येडबा साडेतेरा पौंड भरला. चतुराबाईनं वहीत लिहून घेतलं. बाया गप्प होत्या. त्या गप्प का आहेत, हे तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाईची तान्ही मुलगी गेली. ती जाणारच होती, तिला हगवण लागली होती. चतुराबाईनं दोन रात्री मांडीवर घेऊन तिला चमच्यानं पाणी पाजलं होतं. पण वाडीत दुसरंच बोललं जात होतं, आणि ते तिच्या कानावर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात तोलण्याच्या दिवशी तिला भीती होती की बाया येणार नाहीत. सगळ्या आल्या. लेकरं दुपट्यात गुंडाळून, नीटनेटकी. झोळी मनकर्णाबाईनं धरली. काट्यानं दाखवलेला आकडा बघून चतुराबाईचा विश्वास बसेना. येडबा साडेचौदा. पुढचं लेकरू पाऊण पौंडानं वाढलेलं. त्याच्या पुढचंही.

"अगं अंबाबाई, शाबास! बघ तुझं लेकरू कसं भरलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. अंबाबाईनं येडबाला झटकन पदराखाली घेतलं. लाजली असेल, असं चतुराबाईला वाटलं.

असे आठ आठवडे गेले. वजनं चढतच होती. ती ज्या लेकराचं कौतुक करी, ते पुढच्या आठवड्यात आणखी वजनदार होई. लेकरांचे दंड मात्र अजून काडीसारखेच होते. रोज दूध पाजताना तिला ते दिसायचे. पण वही खोटं कशी बोलेल? भुकटीचं दूध अंगी लागायला वेळ लागतो, आधी आतून भरतं, असं तिनं स्वतःलाच समजावलं.

जेठ सरता सरता दिनकरराव छकड्यातून मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले. तो तोलण्याचाच दिवस होता. लिंबाखाली खुर्ची टाकून त्यांनी वही चाळली.

"वा, चतुराबाई! सत्तावीसच्या सत्तावीस पोरं वाढली. सगळ्या जिल्ह्यात असं केंद्र नाही."

ती मागची पानं उलटून दाखवू लागली, तोच ते म्हणाले,

"सोमवारी पिंपं चुडाव्याला हलवू. तिकडं फार वाईट परिस्थिती आहे."

"हलवायची?" तिला कळेना. "साहेब, नवं पीक येईपर्यंत म्हणाला होतात तुम्ही. मृगाचा अजून थेंब नाही."

"तो शब्द दुबळ्या पोरांसाठी होता. ही दुबळी कुठं राहिली? तुमच्याच अक्षरात आहे सगळं." त्यांनी वहीखाली सही केली आणि जेवायला पोखर्णीला निघून गेले.

ती तशीच उभी होती. तेवढ्यात येडबानं प्यालेलं दूध ओकून टाकलं. पुसायला म्हणून तिनं त्याला अंबाबाईच्या कडेवरून घेतलं आणि भिजलेलं दुपटं सोडलं. दुपट्याच्या घडीतून एक खुरपं आणि नांगराच्या फाळाचा तुकडा तिच्या पायावर पडला.

अंगठ्यातून रक्त आलं, पण तिचं लक्ष तिकडं नव्हतं. हातातलं लेकरू इतकं हलकं होतं की जणू आत्ताच कुणी अर्धं काढून नेलं होतं.

"हे काय गं?"

चतुराबाईनं शेजारच्या बाईच्या लेकराचं दुपटं चाचपलं. कोयंडा. त्याच्या पुढच्याच्या घडीत बैलाच्या खुराच्या चार पत्र्या, दोऱ्यात ओवलेल्या. मग तिनं मनकर्णाबाईकडं पाहिलं. आठ आठवडे झोळी तिनं धरली होती. प्रत्येक लेकरू तिच्या हातून गेलं होतं.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"म्याच सांगितलं त्यास्नी," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाली. "तोलतेत ते इकायला. दाना तोलतेत, मटन तोलतेत. जितं लेकरू कोन तोलतंय? पहिल्या खेपंला तोललं आन धुरपताची पोरगी गेली. म्हनलं, काट्याला लोखंडाचा भार दावा, लेकराचा दावू नका."

"आणि दर आठवड्याला वाढत का होतं?"

"तुमीच की बाई!" अंबाबाई एकदम बोलली. "शाबास, लय भरलं, लय वाढलं, असं चारचौघीत म्हनायच्या. नजर लागंल म्हनून आमी आनिक लोखंड घालायचो."

कुणी तरी हसलं.

"मला सांगायचं तरी, मावशी. तुझ्या चुलीवर जेवते मी."

"सांगितलं अस्तं तर तू बांधू दिलं अस्तं?"

चतुराबाईनं बांधू दिलं नसतं. हसली असती, आणि मग समजावत बसली असती. पण दोन महिने जिनं आपले पाय चोळले, तिनं रोज आपल्याला आंधळं ठेवलं, हे तिला गिळता येईना.

ती तशीच, पायाला चिंधी बांधून, पोखर्णीला चालत गेली. दिनकरराव जेवून पाटलाच्या ओसरीवर पान लावत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी अर्धं लावलेलं पान खाली ठेवलं.

"म्हणजे वही खोटी आहे."

"वही खोटी, पण उपास खरा आहे, साहेब. लेकरं आहेत तशीच आहेत. दूध गेलं तर सगळी नाही जगायची."

"ठीक आहे. सोमवारी मी येतो. माझ्यासमोर उघडी तोला. कमी भरली तर पिंपं हलणार नाहीत."

"शब्द देता?"

"दिला म्हणा."

चार दिवस ती घराघरात फिरली. बाया ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. लोखंडावाचून काट्यावर? रायभान म्हणाला, "पोरी, एकदा तोललंस तर एक गेलं. आता सत्तावीस मागायलीस." तिनं मनकर्णाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "मावशी, तू सांगितलंस तरच काढतील. माझ्यासाठी नको, येडबासाठी सांग."

मनकर्णाबाईनं त्या रात्री जेवण केलं नाही. सकाळी उठून ती दारोदार गेली. काय बोलली कुणास ठाऊक, पण सोमवारी सगळ्या बाया लिंबाखाली आल्या, लेकरं उघडी करून. उन्हात ती उघडी लेकरं ओळीनं बसलेली पाहिली, तेव्हा दिनकररावांनाही क्षणभर नजर वळवावी लागली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. एकेक आई डोळे मिटून लेकरू झोळीत ठेवत होती. कुणाचे ओठ हलत होते. धुरपताबाईचं लेकरू त्यात नव्हतं, तरी ती आली होती आणि दुसऱ्यांची लेकरं उचलून देत होती. येडबा तेरा पौंड भरला. पहिल्यापेक्षाही कमी.

"बघितलं ना, साहेब? खरं निघालं ना?"

"निघालं," दिनकरराव म्हणाले. ते वहीत लिहीत होते, बराच वेळ. मग त्यांनी वही तिच्यापुढं केली. वजनाच्या नोंदी खोट्या आढळल्या, कामावरची बाई भरवशाची नाही, तिला काढून टाकलं आहे, केंद्र आजपासून बंद.

तिनं दोनदा वाचलं. "पण तुम्ही म्हणालात, कमी भरली तर…"

"आठ आठवडे खोटी वजनं वरच्या कचेरीत गेली, चतुराबाई, आणि त्यांखाली माझी सही आहे. ती कुणामुळं गेली हे मला लिहावंच लागेल. मी काय करू?" ते हळू आवाजात, जवळजवळ समजूत घातल्यासारखं बोलत होते. "पिंपांची बैलगाडी आलीच आहे. माणसं चुडाव्यात वाट बघतायत."

तिला तेव्हा कळलं की गाडी सकाळीच निघालेली होती. लेकरं झोळीत जायच्या आधीच.

बायांना हे सांगायचं तिच्याच वाट्याला आलं. सांगताना ती मनकर्णाबाईकडं बघू शकली नाही.

"ग्वाड बोलून लेकरं उघडी केली," मनकर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रझाकार बी आलते या वाडीत. त्यांनी मारलं, लुटलं. पन त्यांनी आमच्याच हातानं न्हाई काही करून घेतलं."

"मावशी, मला पण फसवलंय गं त्यानं."

"असंल. तुजं गठुडं म्या बांधून ठिवलंय."

पिंपं चढली. चुडाव्याची वाट परभणीवरूनच जात होती, दुसरं वाहन नव्हतं आणि कामावरून काढलेल्या माणसाला सांजेच्या आत परभणीत जाऊन केंद्राच्या चाव्या द्यायच्या होत्या. दिनकरराव छकड्यातून पुढं निघून गेले होते. गाडीवान भुजंग म्हणाला, "बसा बाई, उगं उन्हात किती वेळ उभं ऱ्हाता?" बसायला जागा एकच होती, पिंपांवर. ती बसली. सबंध वाडीनं तिला दुधावर बसून जाताना पाहिलं.

नाल्यापाशी अंबाबाई वाटेत उभी होती. डोक्यावर गठुडं, कडेवर येडबा. ती गंगाकाठाला निघाली होती, कळप शोधायला, एकटी, त्याच उन्हात ज्याला भिऊन चतुराबाईनं तिला दोन महिन्यांपूर्वी अडवलं होतं.

"भुजंगभाऊ, थांबव," चतुराबाई म्हणाली. "अंबाबाई, गाडीत बस. निदान सडकेपर्यंत तरी."

अंबाबाईनं गाडीकडं पाहिलं, पिंपांकडं पाहिलं.

"तुमी म्हनला म्हनून मी शेळी जाऊ दिली, बाई," ती म्हणाली. एवढंच. रागानं नाही, आठवण करून द्यावी तसं.

चतुराबाईनं वाकून येडबाच्या डोक्यावर हात ठेवायला पुढं केला. अंबाबाईनं त्याला उचलून दुसऱ्या कडेला घेतलं आणि गाडीला वाट देत बांधावर चढली. बैल निघाले.