मी धाकटा टोप, लाह्यांचा

माझ्या दादाला बाहेर नेऊन ठेवलं, तेव्हा तो अजून गरम होता का? मी झाऱ्याला विचारलं, सांडशीला विचारलं, शेगडीला तर रोज विचारतो. कुणीच काही बोलत नाही.

मी धाकटा टोप बोलतोय. दादा आणि मी एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून निघालो. कारागिराने आधी त्याला घडवलं, मग उरलेल्या तुकड्यातून मला. त्याचं बूड एकदम सपाट. माझ्या वेळी कारागिराला जेवायची घाई झाली होती, म्हणून मी जरा डुगडुगतो. दुकानात आम्हाला एकात एक बसवून विकलं, आणि घरातल्या फळीवरही मी दादाच्या पोटातच राहिलो. जग काय ते त्याच्याकडून ऐकलं. वेळ मोजायला मात्र त्याने शिकवलंच नाही. "शिकवीन की, घाई काय!" म्हणायचा. गाढव कुठला.

घरात माणसं तीन. आबांनी उभा जन्म कापडगिरणीत माग चालवले. त्यांची मुलगी दवाखान्यात नर्स. आणि सात वर्षांची नात. अंगाने इवलीशी, म्हणून सगळे तिला टिचकी म्हणतात. टिचकीची शाळा दुपारी सुटते, तिची आई संध्याकाळी येते. मधले तास आजोबा-नातीचे, आणि त्या तासांचा राजा माझा दादा. कारण तेव्हा मक्याच्या लाह्या व्हायच्या.

दादाच्या पोटात चमचाभर तेल, तेलात तीन दाणे. ते तीन फुटले की ओंजळभर दाणे आणि वर झाकण. आधी एखादा फुटतो, मग सगळे पिसाळतात, मग आवाज विरळ होत जातो. दोन आवाजांच्या मधे एक घोट गिळण्याइतका वेळ गेला की शेगडी बंद करायची. घाई केली तर अर्धे दाणे तसेच, उशीर केला तर कोळसा.

"आबा, झालं!" टिचकी त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडायची, आणि आबा शेगडी बंद करायचे. मला वाटायचं, खेळ आहे त्यांचा. खेळ कसला! आबांचे कान मागांच्या खडखडाटाने कधीच गेले होते. गिरणीत सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. आबांना ती सवय इतकी की समोरच्याला पत्ताही लागत नाही. दुसऱ्यांची दुखणी ओळखणाऱ्या पोटच्या मुलीलाही लागला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका दुपारी टिचकीला यायला उशीर झाला. पोरीला आल्याआल्या गरम लाह्या मिळाव्यात म्हणून आबांनी दाणे टाकले आणि गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. दाणे फुटले. थांबले. करपट वास आला, मग धूर. मी फळीवरून ओरडलो, पण टोपाचं ओरडणं ते काय! आबा धावत आले तेव्हा दादाचं बूड वितळून भोक पडलं होतं, आणि त्यातून ज्योत वर येत होती.

"आबा, घर पेटलं असतं!" संध्याकाळी मुलगी म्हणाली. "टिचकी इथे असती तर?"

"डोळा लागला गं जरा," आबा म्हणाले.

बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा त्यांना झोपाळू म्हणवून घेणं बरं वाटलं. तिथेच चुकलं. झोपणाऱ्याच्या भरवशावर कोण पोर ठेवेल?

"पुन्हा असं झालं तर दुपारी ती पाळणाघरात जाईल. मग माझ्यावर रागवायचं नाही."

सकाळी पाहतो तर दादा घरात नव्हता.

त्यानंतर आबांचा जीव टांगणीला लागला. लाह्या सोडून द्यायच्या म्हटलं तर टिचकीचा चेहरा उतरायचा, आणि करायच्या म्हटलं तर पाळणाघर आठवायचं. एकदा कागदी पिशवीत दाणे घालून, तोंड दुमडून मायक्रोवेव्हमध्ये ठेवले. आबा काचेला नाक लावून उभे. पण फुगलेली पिशवी फुगलेलीच दिसते, आता पुरे असं ती सांगत नाही. त्या करपलेल्या लाह्या कबुतरांना घातल्या, तर कबुतरंही मान फिरवून गेली.

मग कढईत मीठ तापवून उघड्यावर केल्या, म्हणजे डोळ्यांना दिसेल. लाह्या स्वयंपाकघरभर उडाल्या. एक थेट आबांच्या खिशात. "आबा, तुमचा पगार झाला!" टिचकी म्हणाली आणि दोघं पोट धरून हसली. तेवढ्यात एक तापलेला दाणा तिच्या गालाला चटकला आणि हसणं थांबलं. पुढे काचेचं झाकण आणलं. ते वाफेने पांढरं झालं.

गालावरचा तो लाल ठिपका आईने पाहिलाच.

"तुम्ही दोघं काहीतरी लपवताय. शनिवारी मला सुट्टी आहे, माझ्यासमोर लाह्या करा. आणि टिचके, तू तोंड उघडायचं नाही."

"जांभई आली तर?"

"तरी नाही."

शनिवारी त्यांनी फळीवरून मला उतरवलं. दादाच्या बर्नरवर मला! खरं सांगतो, मला उडी मारून पळून जावंसं वाटलं. शेगडीचा राग आला, आबांचा तर फारच. पण त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, तेव्हा त्यांचे हात माझ्याहून जास्त डुगडुगत होते.

तेल. तीन दाणे. ते फुटलेले त्यांना डोळ्यांनी दिसले. मग ओंजळ, मग झाकण. मुलगी त्यांच्या पाठीमागे. टिचकी दारात, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

माग नीट चालतोय का हे आबा लाकडावर तळवा ठेवून ओळखायचे. तसा त्यांनी झाकणावर हात ठेवला, पण मधे फडक्याची जाड घडी. आत दाणे पिसाळले, मी गदगदा हललो, तरी त्यांच्या बोटांना काही कळेना.

"आबा, आच कमी करा," मुलगी मागून म्हणाली.

आबा हलले नाहीत.

"आबा?" तिचा आवाज बारीक झाला. "बाबा?"

आबांनी फडकं काढून फेकलं आणि उघडा तळवा झाकणावर टेकवला.

त्यांचा हात भाजत होता, आणि भाजणारा मीच होतो. जरा तिरका झालो असतो तर झाकण सरकून हात सुटला असता. पण मग त्यांना कळलं नसतं. जन्मात कधी स्थिर न राहिलेला मी पाय रोवून उभा राहिलो. एक दाणा फुटला. मग एक. मग एक घोट गिळण्याइतका वेळ.

आबांनी शेगडी बंद केली.

मुलीने त्यांना खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. "कधीपासून ऐकू येत नाही?"

"गिरणीत होतो तेव्हापासून."

"मग झोप लागली म्हणून का सांगितलंत?"

"बहिऱ्याच्या हाती पोर दिली असतीस?"

ती मग एकेक शब्द त्यांना दिसेल असा म्हणाली, "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. टिचकी दुपारी घरीच येईल. ती शेजारी उभी राहिल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही, बस्स."

"आता तोंड उघडू?" टिचकीने बोटांच्या फटीतून विचारलं.

आता मी कुठल्याच शेगडीवर नीट बसत नाही. माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवतात. तक्रार नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल तर रागावू नका. उठून त्याच्या समोर जा.

माझं बूड वाकलं ते त्याच शनिवारी. नळाला करंगळीएवढं पाणी होतं. नर्सने लाह्या ताटात ओतल्या आणि मला तसाच तापलेला नळाखाली धरला. आत काहीतरी कडकन मोडलं. पहिलं पाणी माझ्यात चर्रकन उकळलं, ते तिने ओतून दिलं. दुसरं कोमट झालं, तेही ओतलं. तिसऱ्या पाण्यात तिने आबांचा लाल झालेला तळवा बुडवला. मी अंगातली होती नव्हती ती धग बाहेर टाकली, आणि त्यांचा हात माझ्यात होता तोवर गार राहिलो.